नामशेष ठरविण्याचा प्रश्न : कॅरिबियन मंक सील व हस्तिदंती चोचीचा सुतार पक्षी यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘नामशेष’ हा शब्द एका नैसर्गिक घटनेचे नाव म्हणून येतो. डोडो नामशेष झाला, स्टेलरची समुद्रगाय नामशेष झाली, अशी वाक्ये विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. प्रत्यक्षात एखाद्या प्रजातीचा शेवटचा जीव मरताना पाहणारा साक्षीदार फार क्वचित लाभतो. १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलेली प्रवासी पारव्याची शेवटची मादी हा अपवाद होय. एरवी घडते ते एवढेच की, प्रजाती हळूहळू दिसेनाशी होते आणि पुष्कळ वर्षांनी ‘ती आता उरलेली नाही’ असे कोणाला तरी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय हे ‘ठरविणे’ आहे.

त्यासाठी येथे दोन प्राण्यांची तुलना योजिली आहे. पहिला कॅरिबियन मंक सील (निओमोनॅकस ट्रॉपिकॅलिस) हा सागरी सस्तन प्राणी आणि दुसरा हस्तिदंती चोचीचा सुतार पक्षी (कॅम्पेफिलस प्रिन्सिपॅलिस). वर्गीकरण, अधिवास, आहार यांपैकी कोणत्याही अंगाने या दोघांत साम्य नाही, त्यामुळे ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटेल. परंतु एका यादीने त्यांना जवळ आणले आहे. ११ मार्च १९६७ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी संकटग्रस्त प्रजातींची पहिली अधिकृत यादी प्रसिद्ध केली. तीत ७८ नावे होती आणि हे दोन्ही प्राणी त्यांत होते. सील त्यापूर्वी खात्रीने दिसला होता तो १९५२ मध्ये, तर अमेरिकेच्या भूमीवर हा सुतार पक्षी सर्वमान्य रीतीने दिसला होता तो १९४४ मध्ये. म्हणजे पक्षी सीलच्या आठ वर्षे आधी नजरेआड झाला. असे असता २००८ मध्ये सीलला नामशेष घोषित करून यादीतून वगळण्यात आले. सुतार पक्ष्याबाबत तसाच प्रस्ताव २०२१ मध्ये मांडला गेला, पण २०२३ च्या अंतिम निर्णयातून त्याचे नाव बाजूला काढण्यात आले. जो आधी दिसेनासा झाला तो यादीत राहिला आणि जो नंतर दिसेनासा झाला तो वगळला गेला. हे असे का, याचा शोध घेताना ‘नामशेष’ या शब्दाचे अंतरंग बरेचसे उलगडते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. दरवर्षी प्रयोगशाळेची साठा पडताळणी करताना डेडस्टॉक नोंदवहीतील एखादी वस्तू सापडत नाही. तिच्यापुढे ‘आढळली नाही’ असा शेरा मारणे सोपे असते. पण निर्लेखनाचा प्रस्ताव समितीपुढे नेणे ही वेगळी आणि जबाबदारीची बाब आहे, कारण एकदा निर्लेखन झाले की ती वस्तू कोणी शोधत नाही.

सीलचा शेवट

कॅरिबियन मंक सील हा उष्ण कटिबंधातील सील होता. कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात, बहामा बेटे आणि फ्लॉरिडाची टोकाची बेटे एवढ्या परिसरात त्याची वस्ती होती. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, रंग वरून तपकिरी व पोटाकडे पिवळसर. १४९४ मध्ये, दुसऱ्या सफरीत, कोलंबसच्या माणसांनी हिस्पानिओलाच्या दक्षिणेस असलेल्या आल्टो व्हेलो या लहानशा बेटावर आठ ‘सागरी लांडगे’ मारल्याची नोंद आहे. नव्या जगातील या सीलची युरोपीय लेखनातील ही पहिली नोंद होय, आणि ती शिकारीची आहे. पुढील दोन-तीन शतकांत चरबीपासून मिळणाऱ्या तेलासाठी त्याची कत्तल होत राहिली. दिव्यांसाठी आणि ऊसमळ्यांवरील यंत्रांना वंगण म्हणून हे तेल वापरले जाई. कॅरिबियन साखरेचा इतिहास लिहिताना गुलामगिरीचा उल्लेख होतो आणि तो व्हायलाच हवा; सीलच्या तेलाचा मात्र सहसा होत नाही.

या प्राण्याला माणसाची भीती नव्हती. वाळूवर लोळत पडलेल्या सीलच्या अगदी जवळ जाता येत असे, हे एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे. १८८६ मध्ये हेन्री वॉर्ड यांनी मेक्सिकोजवळच्या ट्रँगल बेटांवर जाऊन चाळीसहून अधिक नमुने गोळा केले. जगातील अनेक संग्रहालयांतले या सीलचे सांगाडे व कातडी या एका मोहिमेतून आली आहेत. विज्ञानासाठी केलेली ही शिकार त्या काळच्या रीतीला धरून होती, तरी तिचे वर्णन वाचताना आजचा वाचक अस्वस्थ होतो. त्याच बेटांवर १९११ मध्ये मच्छीमारांनी सुमारे २०० सील मारले. १९२२ मध्ये फ्लॉरिडातील की वेस्टजवळ एक सील मारला गेला. त्यानंतर तुरळक नोंदी आहेत आणि १९५२ मध्ये जमैका व निकाराग्वा यांच्या दरम्यान असलेल्या सेरानिला बँक या प्रवाळ बेटांवर एक लहान समूह पाहिला गेल्याची शेवटची खात्रीची नोंद आहे.

लोरेन मॅक्लेनाचन आणि अँड्र्यू कूपर यांनी २००८ मध्ये जुन्या दस्तऐवजांच्या आधारे या सीलच्या पूर्वीच्या संख्येचा अंदाज मांडला. १३ वसाहती आणि सुमारे २ लक्ष ३३ हजार ते ३ लक्ष ३८ हजार सील, असा तो अंदाज आहे. एवढ्या जनावरांचे पोट भरायचे तर प्रवाळभित्तींवर आजच्या कित्येक पट मासे असले पाहिजेत, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. एका प्रजातीच्या जाण्याने तिच्या अन्नाविषयीची माणसाची आठवणही कशी पुसली जाते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९६७ मध्ये सीलला कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा शेवटच्या नोंदीला पंधरा वर्षे उलटली होती. १९७३ मध्ये कार्ल केनयन यांनी विमानातून जुन्या सर्व ठिकाणांची पाहणी केली. १९८४ मध्ये युकाटनजवळची बेटे पुन्हा धुंडाळण्यात आली. दोन्ही वेळा काही मिळाले नाही. पण लोक सांगत राहिले. १९९७ मध्ये उत्तर हैती व जमैका येथील ९३ मच्छीमारांच्या मुलाखती घेण्यात आल्या, तेव्हा त्यांपैकी काहींनी गेल्या एक-दोन वर्षांत सील पाहिल्याचे सांगितले. हे मच्छीमार खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. उत्तर अटलांटिकमधील हूडेड सील भरकटत थेट कॅरिबियनपर्यंत येतात, याचे पुरावे नंतर गोळा झाले. म्हणजे दिसला तो सीलच असावा, पण हा सील नव्हे. पाच वर्षांच्या आढाव्यानंतर जून २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी मत्स्य सेवेने प्रजाती नामशेष झाल्याचे जाहीर केले आणि २८ ऑक्टोबर २००८ रोजी नाव यादीतून निघाले. फारसा कोणी हरकतीला उभा राहिला नाही. सीलच्या नाकपुडीत राहणारा हॅलॅराक्नी अमेरिकाना नावाचा एक परजीवी कीटकसदृश माइट होता. यजमानाबरोबर तोही गेला. त्याचे नाव कोणत्याही संकटग्रस्त यादीत नव्हते.

सुतार पक्ष्याचे दिसणे

हस्तिदंती चोचीचा सुतार हा अर्ध्या मीटर लांबीचा, पाऊण मीटर पंखविस्ताराचा, काळ्यापांढऱ्या रंगाचा देखणा पक्षी. नराचा तुरा लाल, मादीचा काळा. आग्नेय अमेरिकेतील नदीकाठची, पुराच्या पाण्याने भरणारी दलदलीची अरण्ये आणि क्यूबा बेट ही त्याची वसतिस्थाने. नुकत्याच मेलेल्या मोठ्या वृक्षांची साल चोचीने सोलून आतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खाणे हा त्याचा मुख्य उद्योग. याचा अर्थ असा की, त्याला जुने, वृक्ष आपोआप म्हातारे होऊन मरू देणारे अरण्य लागते, आणि तेही विस्तीर्ण लागते. कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स टॅनर यांनी १९३७ ते १९३९ या काळात त्याचा अभ्यास केला. एका जोडीला सुमारे ६ चौरस मैल, म्हणजे १५ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक जंगल लागते, असा त्यांचा हिशेब होता. तेवढ्याच जागेत पायलिएटेड सुतार या दुसऱ्या मोठ्या जातीच्या ३६ जोड्या राहू शकत.

टॅनर यांचे बरेचसे निरीक्षण लुइझियाना राज्यातील ‘सिंगर ट्रॅक्ट’ या सुमारे ८० हजार एकरांच्या अरण्यात झाले. सिंगर म्हणजे शिवणयंत्रे बनविणारी तीच कंपनी, जिचे नाव आपल्याकडेही घरोघरी परिचित होते. यंत्रांच्या लाकडी पेट्यांसाठी तिने हे जंगल राखले होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथील वृक्षतोडीचे हक्क लाकूड कंपनीला विकले गेले. चार राज्यांच्या गव्हर्नरांनी विनंती करूनही तोड थांबली नाही. युद्धकाळात जर्मन युद्धकैदीही या कामावर होते. एप्रिल १९४४ मध्ये चित्रकार डॉन एकलबेरी यांनी तोडलेल्या जंगलाच्या कडेला उरलेल्या एकट्या मादीची रेखाटने केली. अमेरिकेतील सर्वमान्य अशी ही शेवटची नोंद. क्यूबामधील पक्ष्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे १९८६ व १९८७ मध्ये काही पक्षी पाहिल्याच्या नोंदी जाणकार पक्षितज्ज्ञांच्या आहेत; २०१६ मधील शोधात मात्र तेथेही काही हाती लागले नाही.

१९४४ नंतर मात्र सीलसारखी शांतता पसरली नाही. टेक्सास, लुइझियाना, फ्लॉरिडा येथून पक्षी दिसल्याच्या बातम्या येत राहिल्या. १९७१ मध्ये जॉर्ज लॉवेरी या प्रतिष्ठित पक्षितज्ज्ञांनी दुसऱ्या व्यक्तीने काढलेली दोन छायाचित्रे परिषदेत दाखविली, तेव्हा सहकाऱ्यांनी ती भुसा भरलेल्या नमुन्याची असावीत अशी शंका घेतली. २००२ मध्ये लुइझियानातील पर्ल नदीकाठी शोधपथकाने ऐकलेले ‘टक-टक’ असे दुहेरी ठोके ध्वनिमुद्रणाच्या विश्लेषणात दूरवरच्या बंदुकीचे निघाले.

यानंतर २००४ साल उजाडले. आर्कान्सा राज्यातील कॅश नदीच्या दलदलीत एका नावाड्याला पक्षी दिसला, मग त्याच्याबरोबर गेलेल्या टिम गॅलाघर व बॉबी हॅरिसन यांनाही दिसला, आणि २५ एप्रिल २००४ रोजी डेव्हिड लुनो यांच्या कॅमेऱ्यात उडून जाणाऱ्या एका पक्ष्याचे काही सेकंदांचे अंधूक चित्रण मिळाले. एप्रिल २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉन फिट्झपॅट्रिक व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि पक्षी जिवंत असल्याची बातमी जगभर गेली. पुढच्याच वर्षी डेव्हिड सिब्ली व इतरांनी त्याच नियतकालिकात प्रतिवाद केला की, चित्रणातील पक्षी साधा पायलिएटेड सुतार असू शकतो. वाद पंखांच्या कोणत्या कडेला पांढरा रंग आहे एवढ्यावर येऊन ठेपला, आणि चित्रणात पक्षी इतका पुसट आहे की, एकच चौकट दोन्ही पक्षांना आपापल्या बाजूची वाटते. अनेक राज्यांत, अनेक वर्षे, स्वयंचलित कॅमेरे व ध्वनिमुद्रक लावून शोध झाला. निर्विवाद छायाचित्र मिळाले नाही.

दिसण्याची सोय

दोन्ही कथा शेजारी ठेवल्यावर पहिला फरक दिसतो तो प्राण्यांच्या लपण्याच्या क्षमतेतला. सील पाण्यात राहत असला तरी विश्रांतीसाठी व पिलांच्या जन्मासाठी त्याला उघड्या वाळूवर यावेच लागते. अशी बेटे मोजकी आहेत, नकाशावर आहेत आणि विमानातून दिसतात. एखाद्या वर्षी सर्व बेटांवर सील नसेल तर ‘शोधले आणि नाही’ असे म्हणता येते. याउलट घनदाट दलदलीत, माणसाची चाहूल लागताच उडून जाणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत ‘सापडला नाही’ आणि ‘शोधताच आला नाही’ यांतील सीमारेषा नेहमी अस्पष्ट राहते.

दुसरा फरक तोतयांचा. सीलसारखा दिसणारा दुसरा प्राणी कॅरिबियनमध्ये अपवादानेच येतो. सुतार पक्ष्याचा जवळपास जुळा वाटावा असा पायलिएटेड सुतार मात्र त्याच जंगलात सर्रास आढळतो. हजारो पक्षिनिरीक्षक हजारो वेळा पायलिएटेड सुतार पाहतात. त्यांतील अगदी थोड्यांची, अगदी थोड्या वेळा चूक झाली तरी दरवर्षी काही ‘दर्शने’ तयार होतात. नोंदींची संख्या जास्त आहे म्हणून पुरावा भक्कम, हे अनुमान येथे लागू पडत नाही. शिवाय १९४४ मधील पक्षी आज जिवंत असणे शक्य नाही. आज एक पक्षी असेल तर मधल्या ऐंशी वर्षांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी झाली असली पाहिजेत, पिले वाढली असली पाहिजेत आणि तरीही एकही मृत पक्षी, एकही पीस, एकही घरटे कोणाच्या हाती लागले नसले पाहिजे.

एक लहानसे गणित

नामशेषत्वाचा अंदाज घेण्यासाठी सांख्यिकीचा उपयोग करण्याची एक सोपी रीत अँड्र्यू सोलो यांनी १९९३ मध्ये मांडली, आणि त्यांनी उदाहरण घेतले ते याच सीलचे. १९१५, १९२२, १९३२, १९४८ आणि १९५२ या पाच खात्रीच्या नोंदी. पहिली नोंद हा आरंभबिंदू धरायचा. १९१५ पासून १९९२ पर्यंत ७७ वर्षे होतात. शेवटची नोंद त्यांपैकी ३७ व्या वर्षाची आहे. सील जर या सर्व काळात सारख्याच प्रमाणात दिसण्याजोगा असता, तर उरलेल्या चारही नोंदी पहिल्या ३७ वर्षांतच पडण्याची संभाव्यता किती? ३७ भागिले ७७ या अपूर्णांकाचा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.०५३. शंभरात पाचाहून किंचित अधिक. हाच हिशेब २००८ पर्यंत आणला तर ७७ ऐवजी ९३ वर्षे येतात आणि संभाव्यता ०.०२५ इतकी खाली येते. काहीही न घडता, केवळ वर्षे सरत जातात तसा ‘नाही’चा पुरावा बळकट होत जातो.

या रीतीला मर्यादा आहेत. प्रजाती टिकून आहे तोवर तिची संख्या स्थिर असते आणि शोधण्याचे प्रयत्न सारखे असतात, असे ती गृहीत धरते, आणि ही दोन्ही गृहीतके इतिहासात क्वचित खरी असतात. परंतु येथे दाखवायचे आहे ते निराळेच. समजा, १९९० मध्ये कोणी सील पाहिल्याचे सांगितले आणि आपण ती नोंद खरी मानली. आता आरंभबिंदूनंतरच्या नोंदी पाच झाल्या, शेवटची नोंद ७५ व्या वर्षी आली, आणि २००८ ची संभाव्यता ७५ भागिले ९३ या अपूर्णांकाचा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.३४ झाली. अडीच टक्क्यांवरून चौतीस टक्के! एका नोंदीने सारा निष्कर्ष उलटला. सूत्र निर्दोष असून उपयोग काय, जर त्यात घालायची तारीखच वादग्रस्त असेल?

सुतार पक्ष्याच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. निकोलस गोटेली व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केवळ संग्रहालयांतील नमुन्यांच्या तारखा घेऊन हिशेब केला. नमुना म्हणजे हातात धरता येणारा पक्षी. त्याच्या ओळखीबाबत वाद नाही. २०११ मध्ये प्रजाती टिकून असण्याची संभाव्यता त्यांना ०.००००६४ हून कमी आढळली, म्हणजे साधारण पंधरा हजारांत एक. विरोधी बाजू म्हणते की, नमुने गोळा करणे थांबले म्हणून नमुने नाहीत, दर्शनांना मोजा. २०२३ मध्ये स्टीव्हन लट्टा व सहकाऱ्यांनी लुइझियानातील ड्रोन व कॅमेऱ्यांच्या प्रतिमांच्या आधारे पक्षी अजून असल्याचे प्रतिपादन केले. त्या प्रतिमाही दूरच्या व पुसट आहेत. गणित कोणाचेच चुकलेले नाही. कोणता साक्षीदार ग्राह्य मानायचा हा प्रश्न गणिताच्या आधी येतो.

नावाबरोबर काय जाते

यापलीकडे आणखी एक बाजू आहे आणि तिची चर्चा शास्त्रीय लेखांत संकोचाने होते. सीलचे नाव यादीतून गेले तेव्हा त्याच्याबरोबर दुसरे काही गेले नाही. कोणत्याही किनाऱ्याचे संरक्षण त्याच्यामुळे टिकून नव्हते. उलट त्याचा हवाईतील भाऊबंद, ज्याची संख्या आज सुमारे १६०० आहे, त्याच्याकडे लक्ष व निधी वळविण्यासाठी या घोषणेचा उपयोग झाला. सुतार पक्ष्याच्या नावावर मात्र जंगल उभे आहे. आर्कान्सातील बातमीनंतर दलदलीच्या अरण्यांच्या संवर्धनाला मोठी चालना मिळाली. पक्षी नामशेष ठरला तर या प्रयत्नांचा एक आधार निघून जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. या भीतीपोटी कोणी खोटे सांगतो असे मुळीच नाही. पण शंकेचा फायदा कोणाला द्यायचा हे ठरविताना मनाचा कल कोठे झुकतो, यावर तिचा परिणाम होत असणार.

या झुकण्याला एक शास्त्रीय समर्थनही आहे. नायजेल कॉलर यांनी १९९८ मध्ये ‘रोमिओची चूक’ अशी संज्ञा वापरली. ज्युलिएट मेली असे समजून रोमिओ प्राण देतो आणि त्यामुळेच ती खरोखर मरते. त्याचप्रमाणे प्रजाती संपली असे समजून संरक्षण काढून घेतले, तर उरलेसुरले जीव त्यामुळेच संपतील. इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांना ही उपमा विशेष रुचावी.

महाराष्ट्राला याचा प्रत्यक्ष अनुभव आहे. खानदेशात ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात गोळा केलेला वनपिंगळा १८८४ नंतर खात्रीने कोणाला दिसला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना तो तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. या उदाहरणाचा आधार सुतार पक्ष्याचे समर्थक घेऊ शकतात आणि घेतातही. पण त्यातील दुसरा धडा सहसा सांगितला जात नाही. मधल्या काळात १९१४ ची एक नोंद पुस्तकांत होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने गुजरातेत मिळविल्याचे सांगितलेला तो नमुना प्रत्यक्षात डेव्हिडसन यांच्या संग्रहातून उचलून पुन्हा भरलेला होता, हे रासमुसेन व कॉलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. बनावट नोंद बाजूला सारून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे शोध वळला, तेव्हा पिंगळा सापडला. ‘रोमिओची चूक’ सांगणारे कॉलर आणि खोट्या नोंदीचा छडा लावणारे कॉलर एकच आहेत. आशा ठेवणे आणि नोंदी काटेकोरपणे तपासणे यांत विरोध मानण्याचे कारण नाही. शिवाय वनपिंगळ्याच्या बाबतीत ११३ वर्षे फारसे कोणी शोधतच नव्हते. आर्कान्सात मात्र शोधात काही कसूर राहिली असे म्हणता येणार नाही.

२०२३ चा निर्णय

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने २१ प्रजाती नामशेष झाल्याचा अंतिम निर्णय जाहीर केला. २०२१ च्या मूळ प्रस्तावात २३ नावे होती. वगळलेल्या दोहोंत हा सुतार पक्षी होता. मधल्या काळात हरकतींची मुदत वाढविण्यात आली होती व नवी माहिती दाखल झाली होती. सीलचा निर्णय सागरी मत्स्य सेवेकडे आणि पक्ष्याचा वन्यजीव सेवेकडे, म्हणजे खाती वेगळी, हेही येथे नमूद केले पाहिजे. मात्र दोन्ही खाती एकाच कायद्याखाली काम करतात. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीतही हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात ठेवला गेला आहे, ‘नामशेष’ या वर्गात नाही. जुन्या काळी पन्नास वर्षे खात्रीने न आढळलेली प्रजाती नामशेष समजावी असा ढोबळ संकेत होता. त्या मापाने पक्ष्याची मुदत, निदान अमेरिकेपुरती, १९९४ मध्ये आणि सीलची २००२ मध्ये संपली असती.

त्या २१ नावांत बाखमनचा वटवट्या हा लहानसा पिवळा पक्षीही होता. तो त्याच आग्नेय अमेरिकेतील दलदलीच्या अरण्यांत राहत असे, त्याच वृक्षतोडीने गेला, आणि १९६७ च्या त्याच पहिल्या यादीत होता. त्याच्यासाठी हरकतींचा पाऊस पडला नाही, दलदलीत कॅमेरे लागले नाहीत. प्रस्तुत लेखिकेचे मत असे की, उपलब्ध पुराव्यावरून अमेरिकेतील हस्तिदंती चोचीचा सुतार पक्षी बाखमनच्या वटवट्याइतकाच नामशेष झालेला आहे. त्याचे नाव यादीत ठेवण्याच्या निर्णयाला मात्र तिचा विरोध नाही, कारण चुकून ठेवण्याची किंमत चुकून काढण्याच्या किमतीपेक्षा कमी आहे. फक्त हा निर्णय पुराव्याने झाला असे विद्यार्थ्यांना सांगू नये. तो सावधगिरीने झाला, आणि ती सावधगिरी मोठ्या, देखण्या, तुरेवाल्या पक्ष्याच्या वाट्याला आली.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला सांख्यिकीचा तास घेताना लेखिका सीलच्या त्या पाच तारखा फळ्यावर लिहिते आणि संभाव्यता काढावयास सांगते. उत्तर बहुतेकांचे सारखे येते. मग त्याखाली १९९० ही काल्पनिक सहावी तारीख, प्रश्नचिन्हासह, लिहिली जाते. ती धरायची की नाही, यावर गेली काही वर्षे एकाही वर्गाचे एकमत झालेले नाही.